धूर म्हणजे न जळलेले लाकूड

स्वयंपाकाचा गॅस घरोघरी पोहोचला, तरी सरपणाची गरज संपलेली नाही. गावाकडच्या अनेक घरांत आंघोळीचे पाणी आजही बंबात तापते, भाकरी चुलीवर होते आणि थंडीत जाळापाशी बसणे सुखाचे वाटते. तरुण मंडळी कामाला गेली, की जाळ राखण्याचे काम वडीलधाऱ्यांकडे येते. ज्यांची फुप्फुसे नाजूक, तेच धुराच्या सर्वांत जवळ! चूल किंवा बंब लगेच बंद करणे शक्य नसेल, तर निदान तो स्वच्छ जाळणे आपल्या हाती आहे.

धूर का होतो?

लाकूड एकदम जळत नाही. आधी त्यातील पाण्याची वाफ होते, मग तापलेल्या लाकडातून ज्वलनशील वायू सुटतात आणि शेवटी निखारा उरतो. आपल्याला दिसणारी ज्योत ही मुख्यतः त्या वायूंची असते. ते पूर्ण जळण्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर हवा लागते. लाकूड ओले असेल, तर उष्णता पाणी आटवण्यातच खर्च होते. हवा कोंडली, तर वायूंना प्राणवायू मिळत नाही. दोन्ही वेळा न जळलेला भाग धूर होऊन निघून जातो. धूर म्हणजे वाया गेलेले जळणच होय.

हा धूर धुराड्याच्या थंड पृष्ठभागाला लागला, की त्यातील डांबरी द्रव्ये तेथेच थिजतात. प्रथम भुरभुरीत काजळी धरते, मग चिकट काळा लेप बसतो आणि दुर्लक्ष झाल्यास चकचकीत, सहज न खरवडणारा थर तयार होतो. याला क्रिओसोट म्हणतात. त्यामुळे धुराडे अरुंद होते व धूर घरात उलटतो. शिवाय हा थर ज्वालाग्राही असल्याने मोठ्या जाळाने धुराडेच पेटू शकते. १९८३ मध्ये सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून धुराड्याच्या चुली लाखो घरांत पोहोचल्या. परंतु धुराडे वेळोवेळी झाडले नाही, तर त्याचा उपयोग उरत नाही.

शरीरावर काय परिणाम होतो?

धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांच्या टोकापर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील अशा प्रदूषणामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. आयुष्यात कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांना श्वसनमार्ग अरुंद करणारा सीओपीडी हा आजार होतो, त्यामागे चुलीचा धूर हे एक मोठे कारण आहे. हृदयविकार आणि मोतीबिंदू यांच्याशीही या धुराचा संबंध आढळला आहे.

जळण कसे असावे?

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आल्यावरच लाकूड स्वच्छ जळते. त्यासाठी ओंडके फोडून ढलप्या कराव्यात. साल असलेले अखंड लाकूड फार सावकाश वाळते. जमिनीपासून थोडी उंच, वरून झाकलेली पण बाजूंनी मोकळी अशी रास रचावी. पावसाळ्याची बेगमी आधीच्या हिवाळ्यापासूनच सुरू करणे उत्तम. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना भेगा पडतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता खणखणीत आवाज येतो. जळताना टोकाशी फेस आला किंवा चरचर ऐकू आली, तर ते लाकूड अजून ओलेच आहे असे समजावे.

जाळ कसा करावा?

आदल्या दिवशीची राख काढून जाळी मोकळी करावी. बारीक काटक्यांनी सुरुवात करून जाळ धरल्यावर मनगटाएवढ्या जाडीची लाकडे घालावीत. थोडी थोडी, अनेक वेळा घालावीत आणि त्यांच्यामध्ये हवेसाठी फट ठेवावी. बंबाच्या नळीत गच्च लाकडे कोंबून ती धुमसत ठेवण्याची सवय सोडावी; क्रिओसोट सर्वाधिक साचतो तो अशाच धुमसणाऱ्या जाळातून. प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, रंगवलेले लाकूड किंवा प्लायवूड कधीही जाळू नये. जाळ नीट धरल्यावरही धुराड्यातून दाट धूर येत राहिला, तर लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे, हे ओळखावे. चेहरा जाळाशी नेऊन फुंकणी वापरण्यापेक्षा दुरून पंख्याने वारा घालणे बरे.

सफाई आणि सावधगिरी

धुराडे महिन्यातून एकदा तरी पाहावे. थर तीन मिलिमीटरचा झाला, की जाळ पूर्ण विझवून, धुराडे थंड झाल्यावर, तोंडाला मास्क लावून ब्रशने झाडावे. हे काम आजी-आजोबांवर सोपवू नये. धुराड्यातून घोंघावण्याचा आवाज येऊ लागला किंवा पाइप लाल झाला, तर हवेची वाट बंद करून सर्वांना बाहेर न्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. तापलेल्या पाइपवर पाणी ओतू नये.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून बंद न्हाणीघरात बंब आणि झोपण्याच्या खोलीत शेगडी ठेवू नये. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे वृद्धांमध्ये अशक्तपणा समजून दुर्लक्षिली जातात. असे दिसताच रुग्णाला मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे न्यावे.

दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी मात्र स्वच्छ जाळ हाही पुरेसा उपाय नाही. त्यांच्यासाठी गॅस, वीज किंवा सौरबंब हीच योग्य वाट होय. घरात कोणाला ऑक्सिजन चालू असेल, तर त्या खोलीच्या आसपासही जाळ नको. तोवर रोजच्या जाळाची जबाबदारी घरातील धडधाकट माणसाने घ्यावी आणि वडीलधाऱ्यांचा पाट चुलीपासून उचलून दाराशी, मोकळ्या वाऱ्यात मांडावा.