‘मी चांगला’ की ‘मी असा’?

१९८६ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने नागरिकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी समिती नेमली. माणसाला स्वतःबद्दल चांगलं वाटू लागलं की गुन्हेगारी, व्यसनं आणि शाळेतलं अपयश आटोक्यात येईल, या विश्वासातून जॉन व्हास्कॉन्सेलोस या लोकप्रतिनिधीने ती कल्पना लावून धरली होती. पुढे २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं. आत्मसन्मान आणि आनंद यांचं नातं पक्कं दिसलं. पण आत्मसन्मान वाढवल्याने मुलांची अभ्यासातली प्रगती होते, याला भक्कम पुरावा सापडला नाही.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते कॅनडातल्या जेनिफर कॅम्पबेल यांचं काम. ‘मी किती चांगला?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘मी कसा, हे मला किती स्पष्ट ठाऊक आहे?’ हे त्यांनी मोजलं. १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी त्यासाठी बारा विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. स्वतःबद्दलचं मत रोज बदलणाऱ्यांमध्ये आत्मसन्मान कमी आणि चिंतेकडे कल जास्त आढळला. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मात्र अशा मोजमापातून ठरत नाही. त्याच अभ्यासात जपानी विद्यार्थ्यांमध्ये ही स्पष्टता कॅनडातल्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी होती आणि आत्मसन्मानाशी तिचं नातंही सैल होतं. कुणाची सून, कुणाचा धाकटा अशीच स्वतःची ओळख सांगणाऱ्या आपल्या समाजाने पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नयेत, ते यासाठीच.

स्वतःला स्पष्ट ओळखण्याच्या या मुद्द्याशीच भावनिक बुद्धिमत्तेचा धागा जुळतो. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली, तेव्हा स्वतःच्या भावना ओळखणं आणि त्यांतला फरक जाणणं हा तिच्या गाभ्याचा एक भाग होता. साहेब चारचौघांत बोलले, तर ‘मला अपमान वाटला’ म्हणणारा सावरतो; ‘मी कामाचाच नाही’ म्हणणारा एका प्रसंगावरून अख्ख्या स्वतःचा निकाल लावून मोकळा होतो.

भावनेला नाव देण्याचा परिणाम मेंदूतही दिसतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये तीस जणांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेसाठी शब्द निवडताना, धोक्याची चाहूल घेणाऱ्या अमिग्डलाची हालचाल मंदावली आणि कपाळामागच्या मेंदूचा उजवा भाग अधिक सक्रिय झाला.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना विनंती: मुलाला ‘तू हुशारच आहेस’ असं सांगण्याआधी ‘तुला नेमकं काय वाटतंय?’ हे विचारा, आणि त्याला शब्द सापडेपर्यंत थांबा.