डेटाबेस रखडतोय? आधी डिस्क बघा

परवा एका पतसंस्थेचा सर्व्हर बघायला गेलो. दिवसअखेरीच्या नोंदी संपता संपत नव्हत्या. रॅम भरपूर, प्रोसेसर निवांत. डिस्क मात्र रेड ५ मध्ये लावलेल्या.

रेड ५ मध्ये जागा कमी वाया जाते, म्हणून ती सर्रास लावली जाते. पण डेटाबेस सतत छोटे छोटे बदल लिहितो. असा एक बदल म्हणजे तिथे चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. रेड १० मध्ये दोनदा लिहिलं की झालं. निम्मी जागा जाते खरी, पण माझ्या मते सौदा परवडतो.

पोस्टग्रेस फिरत्या डिस्कवर असेल तर त्याचा वॉल लॉग वेगळ्या डिस्कवर ठेवा. तो सलग लिहिला जातो. डेटासोबत ठेवला की हेडची नुसती धावपळ.

एसएसडी असेल तर रँडम पेज कॉस्ट मूळच्या ४ वरून १.१ च्या आसपास आणा. नाहीतर प्लॅनर उगाच इंडेक्स टाळतो.

आणि हो, वेगासाठी एफसिंक बंद करू नका! वीज गेली तर अख्खा डेटाबेस बिघडू शकतो.

तुमच्याकडे कुठली रचना आहे? काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.