हिरवळीवरचे यंत्र आणि त्याचे सुटे भाग

दिल्लीच्या उत्तर भागात एक बुटकी, खडकाळ डोंगररांग आहे. येथील लोक तिला ‘रिज’ म्हणतात. तिच्या माथ्यावर हिंदूराव नावाचे मोठे रुग्णालय आहे आणि त्यावरून आसपासच्या भागालाही तेच नाव पडले आहे. हे नाव कानावर पडले की मराठी माणूस क्षणभर थबकतो, आणि त्याला कारणही आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू, येथील एका बंगल्यात राहत असत. १८५७ साली दिल्लीला वेढा पडला तेव्हा याच बंगल्याच्या परिसरात निकराची लढाई झाली.

आज ही टेकडी उतरून खाली आले की विद्यापीठाची विस्तीर्ण मैदाने, सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांची आवारे आणि कार्यालयांच्या बागा लागतात. त्यांतील हिरवळ बहुतांशी आपल्या ओळखीच्या हरळीची असते. गणपतीला आपण जी दूर्वा वाहतो तीच ही. हिंदीत तिला दूब म्हणतात. हिवाळ्यात ही हरळी पिवळी पडून निजते, आणि पहिला पाऊस पडला की अशी तरारते की आठवड्याच्या आत कापावी लागते. मोठ्या मैदानावर हे काम हाताने होण्यासारखे नसते. तेथे माळी एका लहानशा ट्रॅक्टरसारख्या यंत्रावर बसतो आणि गवत कापीत जातो. हे बसून चालवावयाचे यंत्र कसे सांभाळावे, आणि त्याचा एखादा भाग मोडला तर तो कोठे व कसा शोधावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोत्यांपैकी फार थोड्यांच्या आवारात असे यंत्र असेल. परंतु शेतातील पाण्याचा पंप, पॉवर टिलर किंवा गावातली पिठाची गिरणी ही सारी याच गोत्रातली मंडळी आहेत. एकीविषयी जे खरे, ते थोड्याफार फरकाने दुसरीविषयीही खरे असते.

गवत कापण्याचे यंत्र प्रथम इंग्लंडात निघाले. ग्लूस्टरशायर परगण्यात लोकरी कापडावरची लव कातरण्यासाठी फिरत्या पात्यांचे एक यंत्र वापरीत असत. ते पाहून एडविन बडिंग या कारागिराला सुचले की कापडाप्रमाणे गवतही कातरता येईल. १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे मोठी यंत्रे ओढण्यासाठी घोडे जुंपू लागले. आपल्याकडे ते काम बैलाकडे आले. ताजमहालाच्या बागेत बैल जोडलेले यंत्र फिरताना पुष्कळांनी पाहिले असेल. आजच्या बसून चालवावयाच्या यंत्रात पेट्रोलचे इंजिन असते. त्या इंजिनावरून एक रबरी पट्टा निघतो आणि पोलादी झाकणाखाली आडवी बसविलेली दोन-तीन पाती गरगर फिरवितो. इंजिन, पट्टा, पात्यांचे आस आणि पाती, एवढा याचा संसार आहे.

हा संसार बिघडतो तो बहुधा चार शत्रूंमुळे: धूळ, जुने पेट्रोल, ओले गवत आणि दुर्लक्ष.

धुळीचा विचार प्रथम करावयास हवा, कारण मे-जूनच्या वावटळींत दिल्लीची हवा धुळीने भरून जाते. हे इंजिन पाण्याने थंड होत नाही, वाऱ्याने होते. त्याच्या सिलिंडरवर जे पातळ पंखे असतात त्यांच्या फटींत धूळ आणि गवताचा भुसा बसला की इंजिन तापते आणि आतून झिजते. म्हणून वरचे आवरण काढून त्या फटी वेळोवेळी साफ कराव्यात. हवेच्या गाळणीवरचा स्पंज साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा बसविता येतो. आतली कागदी गाळणी मात्र धुऊ नये, आणि तिच्यावर कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. त्या झोताने कागदाला बारीक छिद्रे पडतात, आणि वरवर स्वच्छ दिसणारी गाळणी धूळ सरळ आत सोडू लागते. तेल साधारणपणे पन्नास तासांच्या कामानंतर बदलावे. धुळीच्या दिवसांत त्याआधीच.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे. २०२५ सालापर्यंत आपल्या देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. लहान इंजिनांचे अनेक निर्माते दहा टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. तेव्हा आपल्या यंत्राची पुस्तिका काय सांगते ते आधी पाहावे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. असे पेट्रोल टाकीत महिनोन्महिने राहिले तर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. म्हणून महिन्याभरात संपेल एवढेच पेट्रोल भरावे. हरळी निजली की टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच यंत्र ठेवून द्यावे. बॅटरीही हिवाळ्यात महिन्यातून एकदा चार्ज करावी.

ओल्या गवताचा लगदा झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटून पत्रा गंजवितो, म्हणून काम झाल्यावर तो खरवडून काढावा. मात्र त्या झाकणाखाली हात घालण्यापूर्वी किल्ली काढून घ्यावी आणि प्लगची तार सोडवून ठेवावी. हा नियम कोणत्याही घाईत मोडू नये.

एवढी काळजी घेऊनही एखादा भाग झिजतो, मोडतो. मग शोध सुरू होतो. हिंदूरावपासून काश्मिरी गेट फार दूर नाही. मोटारींच्या सुट्या भागांची ती मोठी पेठ आहे. श्रद्धानंद मार्गावर बेअरिंगे, पट्टे, पंप आणि हत्यारे मिळतात. या बाजारात जाऊन आपण ‘गवताच्या मशीनचा पट्टा द्या’ म्हटले, तर दुकानदार मान वर न करता विचारतो, ‘नमूना लाए हो?’ हा प्रश्न वरवर तुटक वाटला तरी त्यात मोठा शहाणपणा आहे. बाजारात वस्तू नावाने मिळत नाही. ती मापाने किंवा क्रमांकाने मिळते.

हा क्रमांक यंत्रावरच असतो. त्याच्या दोन पाट्या असतात. एक आसनाखाली किंवा सांगाड्यावर, ती संपूर्ण यंत्राची. दुसरी इंजिनाच्या पत्र्यावर ठोकलेली, ती इंजिनाची. कारण यंत्र एका कारखान्याचे आणि इंजिन दुसऱ्याचे, असे पुष्कळदा असते. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन कंपनीच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन क्रमांक आढळतात. मॉडेलचे पहिले आकडे २८ असतील तर सिलिंडरचे आकारमान २८ घन इंच, म्हणजे सुमारे ४६० घन सेंटिमीटर. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष सांगतात, पुढचे दोन महिना आणि त्यापुढचे दोन दिवस. ही यंत्राची जन्मपत्रिकाच होय. ती गंजून किंवा रंगाखाली जाऊन पुसली गेली, तर सुटा भाग जगात कोठे तरी असूनही आपल्यापुरता नाहीसा होतो.

सुट्या भागांचे माझ्या मते तीन वर्ग करावेत. पहिला वर्ग साऱ्या जगात एकाच मापाने बनणाऱ्या वस्तूंचा. बेअरिंग हे त्याचे उत्तम उदाहरण. ६२०४ हा क्रमांक असलेल्या बेअरिंगचे भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४ मिलिमीटर. मग ते कोणत्याही देशात बनलेले असो. पट्ट्यांचेही तसेच आहे. आपल्या बाजारातील ए-४८ म्हणजे आतून ४८ इंच लांबीचा, सुमारे अर्धा इंच रुंदीचा पट्टा. अमेरिकन पद्धतीत जवळजवळ त्याच पट्ट्याला ४एल५०० म्हणतात, कारण ते बाहेरची लांबी मोजतात आणि ती ५० इंच भरते. हे एवढे गणित ठाऊक असले तर परदेशातून महिनाभर पार्सलची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

तथापि या वर्गातही काही फसवी वळणे आहेत. ६२०३ बेअरिंगचे भोक १७ मिलिमीटर असते. पण अमेरिकन यंत्रांत त्याचाच पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर भोकाचा भाऊ भेटतो. बाहेरून दोघे जुळे दिसतात. प्लगचे आटे १४ मिलिमीटरचेच असतात, पण आट्यांची लांबी काही प्लगांची साडेनऊ तर काहींची १९ मिलिमीटर असते. आखूड प्लगच्या जागी लांब प्लग बसविला तर तो आतल्या दट्ट्यावर आदळू शकतो. पट्ट्याचे माप जुळले तरी गवताच्या यंत्रासाठी खास बळकट धाग्याचा पट्टा करतात. साधा पट्टा तेथे चालतो, पण लवकर झिजतो. तो बसवावयाचा असेल तर एक जादा पट्टा जवळ बाळगावा.

दुसरा वर्ग आपल्या लेथवर होण्यासारख्या भागांचा. बुश, वॉशर, चाकाचा आस, लिव्हरची खिटी, आसनाचा कंस, झाकणाला पडलेल्या भोकावरचे ठिगळ, ही कामे आपले कारागीर उत्तम करतात. जुना भाग झिजलेला असतो, म्हणून त्याचे माप जसेच्या तसे घेऊ नये. ज्या भागात तो बसतो त्याचेही माप घ्यावे, एवढीच खबरदारी पुरते.

तिसरा वर्ग असा की ज्यात तडजोड करू नये. या वर्गात पाती, पात्याचा बोल्ट, ब्रेक आणि आसनाखालचा स्विच येतात. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांहून अधिक असू नये असे अमेरिकन मानक आहे; म्हणजे ही कमाल मर्यादाच ताशी ३४७ किलोमीटरच्या घरात जाते. त्या वेगाने फिरणारे पाते वेल्डिंगने जोडलेले असेल आणि सांध्यात तुटले, तर तो तुकडा कोणाला लागेल हे सांगता येत नाही. पात्याला धार जरूर लावावी, आणि मग ते मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून दोन्ही बाजू समतोल आहेत की नाही ते पाहावे. परंतु वाकलेले किंवा चिरलेले पाते टाकूनच द्यावे. आसनावरून माणूस उठताच इंजिन वा पाती थांबविणारा स्विच बिघडला, तर काही मिस्त्री दोन तारा पिळून जोडून टाकतात. यंत्र सुरू होते, काम भागते. आणि माळ्याच्या पायांचे रक्षण करणारी एकमेव वस्तू नाहीशी होते. बचत कार्यालयाची आणि धोका माळ्याचा, असा हा व्यवहार आहे. तो आपण होऊ देता कामा नये.

कार्यालयीन कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून कागदपत्रांविषयी दोन शब्द सांगतो. नवे यंत्र घेताना आपण किमतीची चौकशी कसून करतो. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे मात्र क्वचित विचारतो. पुढे एखादा लहानसा भाग मिळत नाही म्हणून यंत्र छपरीत उभे राहते, त्याची हवा जाते, उंदीर तारा कुरतडतात आणि अखेर ते निरुपयोगी ठरते. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १६६ व्या नियमाने जुन्या यंत्राशी जुळणारे सुटे भाग, तज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने, ठरावीक ठिकाणाहून घेण्याची सोय ठेवली आहे. २१७ व्या नियमाप्रमाणे वस्तू निरुपयोगी ठरविताना तशी कारणेही नोंदवावी लागतात. नियमांची अडचण वाटते तेवढी नसते. अडचण असते ती योग्य क्रमांक कोणालाच ठाऊक नसण्याची. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि त्यात शेतीच्या अवजारांचाही समावेश केला. पण त्या हक्काचा उपयोग करून घ्यावयाचा तर आपण काय मागत आहोत हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

हिंदूरावच्या टेकडीवरच याचे एक जुने उदाहरण उभे आहे. सम्राट अशोकाचा मेरठचा स्तंभ फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात येथे आणविला. अठराव्या शतकाच्या आरंभी दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले. ते नष्ट झाले नाहीत, म्हणून १८६७ साली स्तंभ पुन्हा उभा करता आला. मोडलेला भाग लगेच भंगारात घालू नये, हे मी म्हणतो ते याचसाठी. नवा भाग बसून यंत्र चालू होईपर्यंत तो तुकडा हाच आपला नमुना असतो.

यासाठी फार मोठा खटाटोप लागत नाही. एक जाड पुठ्ठ्याची वही पुरते. तिच्या पहिल्या पानावर यंत्राचे आणि इंजिनाचे सर्व क्रमांक उतरवावेत. पुढे बेअरिंग, पट्टा, प्लग, गाळणी यांची मापे, ती कोणत्या पेठेत मिळाली ते, तेल बदलल्याच्या तारखा आणि कामाचे तास लिहावेत. ही वही साहेबांच्या कपाटात न ठेवता माळ्याच्या हाती द्यावी, कारण यंत्राचा बदललेला आवाज प्रथम त्याच्याच कानी पडतो. माणसे बदलतात, माळी निवृत्त होतो, अधिकाऱ्याची बदली होते. यंत्र मात्र तेथेच राहते. ज्याने ती वही नीट लिहिली, त्याने पुढे येणाऱ्या अनोळखी माळ्यालाही मदत केली, असे मी समजतो.