रावेरची हवा आणि मोटारसायकलचा कार्बुरेटर

मे महिन्यातली रावेरची दुपार डोळ्यांसमोर आणा. केळीच्या बागाही उन्हाने मलूल झालेल्या. गॅरेजमध्ये मिस्त्री एका जुन्या आर. एक्स. १०० मोटारसायकलचा स्क्रू किंचित फिरवतो, कान देऊन ऐकतो, पुन्हा फिरवतो. तो नेमके काय करतो?

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला ९,००० लिटरांहून अधिक हवा! हे प्रमाण जुळवण्याचे काम कार्बुरेटरचे.

एक प्रयोग करा. पेलाभर पाण्यात एक नळी उभी धरा आणि तिच्या वरच्या तोंडावरून दुसऱ्या नळीने जोरात फुंका. पाणी वर चढून त्याचे तुषार उडतील. कार्बुरेटरही असाच चालतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या भांड्यातले पेट्रोल जेट नावाच्या बारीक छिद्रातून वर येऊन हवेत मिसळते. (हा प्रयोग पेट्रोल घेऊन कधीही करू नका!)

आर. एक्स. १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार होत असे. तिचे इंजिन अवघे ९८ घन सेंटिमीटरचे. पण मिनिटाला ७,५०० फेरे घेताना ते ११ अश्वशक्ती देई. दोन स्ट्रोकचे इंजिन असल्याने तेव्हा सेकंदाला १२५ स्फोट होतात! गाडी संथ चालते तेव्हा पेट्रोल मुख्यतः पायलट जेटमधून येते, मधल्या वेगात ते निमुळती सुई ठरवते आणि मूठ पूर्ण पिळली की मेन जेट. म्हणून कोणत्या वेगात गाडी अडखळते हे मिस्त्री आधी विचारतो.

आता रावेरच्या हवेकडे वळू. समजा, डिसेंबरातल्या पहाटे तापमान १० अंश सेल्सिअस आहे आणि मे महिन्यात दुपारी ४५ अंश. निरपेक्ष मापाने हे झाले २८३ आणि ३१८. दाब तोच धरला, तर उन्हाळ्यातल्या एक लिटर हवेचे वजन सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरते. हलक्या हवेची ओढही कमी. पण पेट्रोल त्या ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येते, म्हणून ते सुमारे ६ टक्केच घटते. परिणामी मिश्रण दाट होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते. गाडी धूर सोडते, प्लगवर काळी काजळी धरते.

मग हौशी स्वार म्हणतो, "लहान जेट घाला." गाडी सुसाट पळू लागते. पण धोका पुढेच आहे. तोच स्वार डिसेंबरच्या पहाटे बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागून मूठ पूर्ण पिळतो. आता हवा जड आहे, जेट मात्र लहानच. मिश्रण विरळ होते. पेट्रोलची वाफ होताना ती आतली उष्णता शोषते. पेट्रोलच कमी, तर हे थंडावणेही कमी. ॲल्युमिनियमचा दट्ट्या तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. भर वेगात मागचे चाक अडले, तर स्वाराच्या जिवावर बेतते.

एअर फिल्टर काढून टाकल्यानेही मिश्रण विरळ होऊ शकते, शिवाय काळ्या मातीची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. मोठा कार्बुरेटर बसवला, तर कमी वेगात रुंद गळ्यातली हवा मंदावते आणि पेट्रोल नीट ओढले जात नाही. शर्यतीच्या गाड्यांना हे चालते, कारण त्या सतत वेगात धावतात आणि त्यांचे जेट त्या दिवसाच्या हवेनुसार बदलतात.

जाणता मिस्त्री म्हणूनच प्लग काढून पाहतो. फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक, काळा असेल तर दाट, पांढराफटक असेल तर विरळ. जेट तो एकेका पायरीनेच बदलतो.

१ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर गेला. तिथे संवेदक हवेचे तापमान मोजतात आणि छोटा संगणक पेट्रोल ठरवतो. कार्बुरेटरला हवेचे वजन कळत नाही. ते माणसालाच ओळखावे लागते.

आता तुम्हीच सांगा: रावेरमध्ये नीट जुळवलेली अशी गाडी सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला नेली, तर त्याच तापमानाला तिचे मिश्रण दाट होईल की विरळ? उत्तर कारणासह वहीत लिहा आणि गावातल्या मिस्त्रीकाकांकडून तपासून घ्या.