डबा जुना चालेल, एसएमपीएसची मात्र झडती घ्या

विहिरीवरची तीन एचपीची मोटर काढून पाच एचपीची बसवली आणि केबल, स्टार्टर जुनेच ठेवले, तर काय होतं हे शेतकरी बंधूंना वेगळं सांगायला नको. गावातल्या दूध संस्थेत, सोसायटीत, कृषी सेवा केंद्रात सध्या संगणकाच्या बाबतीत असाच प्रकार चालला आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून जो तो मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम नवे घेतो आणि खर्च वाचवायला ते जुन्याच डब्यात बसवून मागतो. कृषी खात्याच्या माणसाने यात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण खतविक्रीच्या आणि दुधाच्या नोंदी याच डब्यात असतात आणि तो बंद पडला की रांगेत शेतकरीच उभा राहतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. गावात सगळे त्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. प्रत्यक्षात डबा म्हणजे कॅबिनेट आणि त्याच्या मागच्या बाजूला पंखा व वीज जोडायची जागा असलेली पेटी म्हणजे एसएमपीएस. दुकानदार दोन्ही एकत्रच विकतो, म्हणून आपणही दोन्ही एकच समजतो. इथेच गल्लत होते.

कॅबिनेट म्हणजे निव्वळ पत्रा. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचे माप ठरवले, त्याच मापाच्या भोकांवर आजचे बहुतेक मदरबोर्ड बसतात. त्यामुळे पंधरा वर्षांचा डबाही खुशाल वापरा. अट एवढीच की तो त्या मापाचा हवा. काही नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत भोकं आणि जोड स्वतःच्याच मापाचे असतात, तिथे हट्ट करू नका. बोर्डाखाली लागणारे पितळी स्पेसर मोजून घ्या. जुन्या बोर्डाचा एखादा जास्तीचा स्पेसर तसाच राहिला तर नव्या बोर्डाला खालून टेकतो आणि शॉर्ट होतो. मागच्या पट्ट्या निघाल्या असतील तर त्या बसवा, नाहीतर उंदीर आणि पाली तिथूनच आत जातात. खताच्या दुकानातला डबा असेल तर आतली धूळ कोरड्या ब्रशने नीट काढा. खताची धूळ हवेतलं पाणी ओढते आणि त्या ओलीने पिना गंजतात.

आता एसएमपीएस. वर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. त्याच लेबलावर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. समजा १४ अँपिअर असतील तर झाले १६८ वॅट. आजचे प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणून खरा आकडा हाच. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेला कार्यालयातला संगणक साधारण १५० वॅटच्या आत भागतो. म्हणजे वॅट कमी पडतात असं सहसा नाही. आडवं येतं ते वय.

एसएमपीएसमध्ये कपॅसिटर असतात आणि उष्णतेने ते वाळत जातात. पत्र्याच्या छताखाली उन्हाळे काढलेल्या पेटीत तर लवकरच. वीज गेली आणि यूपीएसने भार उचलला, की मधला क्षणभराचा खंड हेच कपॅसिटर भरून काढतात. ते वाळले की तेवढा क्षणही निघत नाही आणि यूपीएस चांगला असूनही संगणक पुन्हा चालू होतो. लोक यूपीएसची बॅटरी बदलतात, मग यूपीएसच बदलतात, दोष मात्र एसएमपीएसमध्येच राहतो. संध्याकाळच्या संकलनात अर्धी नोंद झालेली असताना असं घडलं तर कुणाचं दूध लिहिलं आणि कुणाचं राहिलं, याचा वाद महिनाभर पुरतो.

म्हणून माझं मत साधं आहे. एसएमपीएस सात-आठ वर्षांपलीकडचा असेल, यूपीएसवर जाताना संगणक बंद पडत असेल, पंखा घरघरत असेल किंवा जळका वास येत असेल, तर नव्या बोर्डाला तो जोडू नका. वयाने कमी असेल तर जोड तपासा. मोठा जोड २४ पिनांचा हवा, प्रोसेसरसाठी चार किंवा आठ पिनांचा वेगळा जोड हवा आणि हार्ड डिस्कसाठी चपटे साटा जोड हवेत. जुन्या चार पिनांच्या जोडाला स्वस्तातला अडॅप्टर लावून साटा करतात, ते टाळा. असे अडॅप्टर वितळल्याची, जळाल्याची उदाहरणं आहेत. संगणक चालू असताना जाणकाराकडून मल्टिमीटरने व्होल्टेज बघून घ्या. १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान हवी. पेटी मात्र कुणी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार तर गावोगाव ऐकू येते. त्यात बहुधा एसएमपीएसचा दोष नसतो, सॉकेटला अर्थिंग नसते. पेटीतल्या फिल्टरमुळे अर्थिंगशिवाय पत्र्यावर निम्म्या दाबाची वीज येते. दुसरा डबा आणला तरी ती येणारच. फेज आणि अर्थ यांच्यात मोजल्यावर जवळपास फेज-न्यूट्रलएवढंच व्होल्टेज दिसलं पाहिजे. ते फार कमी दिसलं तर वायरमनला बोलवा आणि हे काम बोर्ड बसवण्याच्या आधी उरका. आणि प्लगची तिसरी पिन कापायची जी खोड आपल्याकडे आहे, ती तेवढी सोडा.

काढलेला एसएमपीएस भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि तो धूर गावातच राहतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जिथून नवा घेता त्या दुकानदाराला जुना अधिकृत संकलनाकडे पाठवण्याबद्दल विचारा. तोवर कपाटात ठेवायचा असेल तर त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात ‘खराब’ लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला कुणीतरी तोच काढून पुन्हा डब्यात बसवतो.