चाळीस रुपयांचे तोडे

कंदरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. उजनीच्या फुगवट्यात त्यांच्या घरची जमीन गेली, आजीचे चांदीचे तोडे तेवढे राहिले. आजी त्यांना ‘चाळीस रुपयांचे तोडे’ म्हणायची. परवा सराफाने थोडे घासून ते मशीनखाली धरले, तर चांदी भरली 91.6 टक्के. हॉलमार्कच्या 925 ला उतरत नाही, म्हणजे हलकी, असे उत्तर मिळाले. ताई विचारतात, आजीला सोनाराने फसवले का?

मुळीच नाही! तो आकडा वाचून मला आनंदच झाला. 1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. अकरा भागिले बारा करून पाहा: 91.66 टक्के. त्याआधी अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये फिरत आणि सराफ प्रत्येकावर निराळा बट्टा कापून घेत. (नावाला लागतो तोही हाच बट्टा.) पुढे राणीछाप रुपयातही चांदी तेवढीच राहिली. गिऱ्हाइकाने रुपये मोजून द्यायचे, सोनाराने ते मुशीत टाकून तेवढ्याच भाराचा दागिना घडवायचा. दागिन्यावर शिक्का नसे, कारण शिक्का वितळून त्याच्या आत गेलेला असे.

91.66 आणि हॉलमार्कच्या 92.5 टक्क्यांमधल्या या फरकाचा फटका आपल्या कारागिरांना थेट लंडनमध्ये बसला. तिथे चांदीची कसोटी 925 ची, 1300 सालच्या कायद्यापासूनची. रुपयाची चांदी तिच्याहून हजारात आठ-नऊ भागांनी कमी. त्यात भांड्यांवर औंसाला दीड शिलिंग कर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडवर्ड वॉदरस्टन या लंडनच्या जवाहिऱ्याने हिंदुस्थानी चांदीच्या बाजूने लेखणी उचलली. चांदीच्या भांड्यांचे हॉलमार्किंग आणि हिंदुस्थान या विषयावरची त्याची छोटी पुस्तिका आता दुर्मीळ आहे. हॉलमार्कची सक्ती आणि कर यांनी आपल्या मालाची वाट अडते, हे एका इंग्रज व्यापाऱ्याने मांडावे याचे मला फार अप्रूप वाटते. 1884 मध्ये पौर्वात्य घडणीच्या हातकोरीव कामाला तपासणीतून सूट मिळाली, 1890 मध्ये करही गेला.

हजारात आठ-नऊ भाग ओळखायचे तरी कसे? जुनी रीत शिशाची. चांदी शिशासोबत हाडांच्या राखेच्या वाटीत तापवली की शिसे आणि तांबे वाटीत जिरते, चांदीचा मणी उरतो. पण थोडी चांदीही वाटीत जिरते, थोडी उडून जाते. हिशेब हजारात काही भागांनी कमीच येतो, आणि सगळे भांडण तर तेवढ्याच भागांचे! ही चूक 1830 च्या सुमारास पॅरिसच्या टांकसाळीसाठी गे-ल्युसॅकने मिटवली. शाळेत त्याचे नाव वायूंच्या नियमापुरते येते, ही मोठी हळहळ. त्याने चांदी नायट्रिक आम्लात विरघळवली आणि त्यात मोजून मिठाचे पाणी सोडले. दही फुटावे तसा पांढरा साका खाली बसतो. नवा थेंब टाकून पाणी गढूळ होईनासे झाले की थांबायचे. लागलेल्या मिठावरून चांदी कळते, हजारातल्या अर्ध्या भागापर्यंत. एका राणीछाप रुपयातली सगळी चांदी खाली बसवायला सुमारे 5.8 ग्रॅम मीठ लागेल, चहाचा एक चमचा! एवढी नेमकी कसोटी, आणि तिचा आधार स्वयंपाकघरातले मीठ.

सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कला सहा अक्षरी ओळखक्रमांकाची जोड मिळाली आहे, अजून ऐच्छिक. चांगलेच झाले.  पण त्यातल्या श्रेणींत 916 ला जागाच नाही, म्हणून आजीच्या तोड्यांना त्याखालच्या श्रेणीचा शिक्का मिळेल. मशीनबद्दलही एक सांगतो: ते फक्त वरचा पातळ थर पाहते. जुना दागिना आम्लात उजळला की पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते, म्हणून न घासता घेतलेला आकडा जास्त येतो. ताईंच्या सराफाने घासून पाहिले, हे योग्यच केले.

ताईंनी वजनही कळवले आहे, जोडीचे 461 ग्रॅम. एक रुपया 11.66 ग्रॅमचा. भागाकार साडेएकोणचाळीस येतो. उरलेला अर्धा रुपया मुशीत आणि आजीच्या पायांवर झिजला.