शस्त्रवैद्याची तालीम

नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीं त्याची तालीम होते. शिमग्यांत खेळे निघण्यापूर्वीं रात्रीं जागून पावलें घटविलीं जातात. मग मनुष्यदेहावर शस्त्र चालविणारानें आपली पहिली चूक रोग्याच्याच अंगावर करावी काय? ती अन्यत्र करून, सुधारून मग रोग्याकडे यावें, एवढ्यासाठींच शस्त्रक्रियेचें सराव-केंद्र असतें. तें कसें उभारावें व चालवावें, ह्याचा थोडक्यांत विचार येथें आम्ही करणार आहों.

ही कल्पना नवी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय ह्याच विषयाला वाहिलेला आहे. कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी ह्यांवर छेदन शिकावें. शीर टोचण्याचा सराव कमळाच्या देठावर करावा. जाड वस्त्राच्या व मऊ कातड्याच्या कांठांवर टांके घालावे. पट्टी बांधण्यास पुतळा घ्यावा. शिष्य कितीही पढलेला असो, असा सराव न केलेला कामास अपात्रच, असा ग्रंथकाराचा निर्वाळा आहे.

आज ह्या सरावाची निकड अधिक आहे. १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उडवाडिया ह्यांनीं दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्ताशय काढण्याची आपल्या देशांतील पहिली शस्त्रक्रिया केली. ह्या पद्धतींत हात डावीकडे नेला कीं आंतील हत्याराचें टोंक उजवीकडे जातें, आणि सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाहीं. गुरूच्या शेजारीं नुसतें उभें राहून हें अंगवळणीं पडत नाहीं.

केंद्र काढतांना प्रथम कोणतें कौशल्य शिकवावयाचें हें ठरवावें. यंत्रें मागाहून घ्यावीं. एक पेटी, तिला दोन भोकें, आंत लहान कॅमेरा व दोन लांब चिमटे, एवढ्यावर प्रारंभ होतो. सहा कडीं एका बाजूच्या खुंट्यांवरून दुसऱ्या बाजूस नेणें, जाळीदार कापडावर आंखलेलें वर्तुळ कापणें, आंतल्या आंत गांठ मारणें, हे पहिले पाठ होत. प्रत्येक वेळीं लागलेला वेळ व झालेल्या चुका टिपाव्या.

ह्याचें फळ मिळतें काय? अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत सोळा शिकाऊ शस्त्रवैद्य होते. यंत्रावर सराव केलेल्यांनीं पित्ताशय सोडविण्याचें काम २९ टक्के अधिक त्वरेनें केलें, व त्यांच्या चुका इतरांच्या सुमारें एक-षष्ठांश भरल्या.

तथापि यंत्र शिकवीत नाहीं, शिक्षक शिकवितो. ज्या केंद्रांत शिक्षकास वेळ नाहीं, तेथील मोलाचीं यंत्रें धूळ खात पडतात. केंद्रप्रमुखानें तीन नियम पाळावे: पाठ थोडथोडे, परंतु नियमित असावे, चूक तत्काळ दाखवावी, पण चुकणाऱ्यास लाजवूं नये, आणि ठरलेल्या कसोटीस न उतरलेल्यास, तो कोणाचाही पुत्र असो, शस्त्रक्रियागृहांत हात लावूं देऊं नये. तिसरा नियम सर्वांत कठीण, आणि त्यावांचून पहिले दोन व्यर्थ.

आमच्या पोफळीचा रोगी चिपळुणास उतरतो किंवा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडास जातो. मेजावर निजल्यावर, हा टांका डॉक्टरांचा पहिलाच कीं काय, असें तो विचारीत नाहीं; गरिबास तर तें धैर्यही होत नाहीं. त्यानें न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आधींच देऊन ठेवणें, हें ह्या केंद्राचें खरें काम होय. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जे वैद्यकाकडे वळतील त्यांनीं प्रभूचा सुवर्णनियम येथें लावून पाहावा: त्या मेजावर आपली आई असती, तर आपण किती सराव करून आलों असतों?